टाको मूळचा कुरकुरीत की मऊ?

भटकी_जीभ: मेक्सिको सिटीत आठवडाभर आहे. रोज चार-पाच टाको होतात, पण तो पापडासारखा कडक टाको अजून दिसला नाही. सगळे तळहाताएवढ्या मऊ तोर्तियात, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीत, सारण भरलेले. मग पाकिटात मिळतो तो कडक टाको कुठला?

निवळी: तो अमेरिकेतला. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या हुवेन्सिओ माल्दोनादोंना टाको तळायच्या साच्याचं पेटंट मिळालं. मेक्सिकोतही तळलेले 'दोरादोस' असतात, पण ते आधी सारण भरून, गुंडाळून किंवा दुमडून मग तळतात.

तोर्तिया मात्र स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, सालं चोळून काढायची, मग पाट्यावर वाटायचा. चुन्याने पीठ चिकट होतं, थापता येतं, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, झाला.

भटकी_जीभ: अरेच्चा! आणि 'टाको' शब्द?

खाणकामगार: जेफ्री पिल्चर या इतिहासकाराचा अंदाज असा: मेक्सिकोच्या चांदीच्या खाणीत कागदात बंदुकीची दारू गुंडाळून सुरुंग भरत, त्या पुडीला टाको म्हणत. चवीने तिखट सालसा असला की पटतंच!

निवळी: 'पास्तोर' टाको खाल्लास ना? त्यातलं उभ्या सळईवर भाजलेलं मांस लेबनीज लोकांनी मेक्सिकोत आणलं. पुएब्ला शहरात त्याचे 'टाकोस आराबेस' (अरबी टाको) झाले, पुढे आचिओते या लाल बियांचा मसाला लावलेलं डुकराचं मांस आलं, तोच पास्तोर.

भटकी_जीभ: कालच सहा हाणले. वरून अननसाची चकती पण!