मदत हवी आहे: घरी केलेल्या बिअरमध्ये हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) कुठले आणि कधी टाकायचे?

मंडळी, मी नाशिकचा, इथे ज्याला विचारावं तो द्राक्षं आणि वाइनवरच बोलतो, बिअरचं कोणाला विचारणार म्हणून इथे टाकतोय. मागच्या महिन्यात 20 लिटर पेल एल (बिअरचा एक प्रकार) केली, त्यात 50 ग्रॅम सिट्रा जातीचं हॉप उकळी आल्या आल्या एकदमच ओतलं आणि तासभर उकळत ठेवलं, बिअर अशी झाली की कारल्याचा रस परवडला, आणि वास म्हणाल तर शून्य! नंतर कळलं की सिट्रात अल्फा ॲसिड (कडूपणा देणारा घटक) 11-13 टक्के असतं, जास्त उकळलं की कडूपणा वाढत जातो आणि वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात. असो, शिकलो.

आता उकळणं संपायला 60 मिनिटं असताना थोडंसं मॅग्नम, शेवटच्या 5 मिनिटांत कॅस्केड (ह्या दोन्ही हॉप्सच्याच जाती) आणि उरलेल्या सिट्राचं ड्राय हॉपिंग (न उकळता, नंतर थंड बिअरमध्ये हॉप्स टाकून ठेवणं) असं डोक्यात आहे. ड्राय हॉपिंगला 20 लिटरला किती ग्रॅम, किती दिवस ठेवू? जास्त ठेवलं तर गवतासारखी चव येते म्हणे, खरंय का? सिट्राचं उघडलेलं पाकीट हवाबंद करून फ्रीझरमध्ये मटारशेजारी ठेवलंय, बायको रोज विचारते हे गवत कधी काढणार. ते चालेल ना अजून, का नवीनच मागवू?