बोर्दोत 'परवडणारं आणि चांगलं' काही नाहीच म्हणे!

तुलूझकर
'दर्दी' यांच्या परवाच्या पोस्टखाली उत्तर लिहायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी ती पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सार: बोर्दो, म्हणजे फ्रान्समधल्या त्या भागातली वाइन, प्यायची तर 1855 च्या नामवंत शातोंच्या (वाइन करणाऱ्या वाड्यांच्या) यादीतली प्या, तेवढी ऐपत नसेल तर गुमान चिलीची घ्या, मधलं सगळं म्हणजे लेबलवर वाड्याचं चित्र आणि आत लाल पाणी.

दर्दीशेठ, उचलली जीभ लावली टाळ्याला! ती यादी कोणी चव घेऊन केलेली नाही. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी तेव्हाच्या बाजारभावावरून ती लावून दिली. लाल वाइन सगळ्या मेदोकमधल्या (बोर्दो शहराच्या उत्तरेचा, जिरोंदच्या डाव्या काठचा पट्टा), अपवाद एकट्या ओ-ब्रियाँ या शातोचा. पोमेरोल नाही, सॅंत-एमिलियों नाही, बोर्दोतलीच ही नामी गावं. 1973 मध्ये मूतों नावाचं शातो दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत चढलं, बाकी सगळे आहेत तिथेच. आणि दर्जा मिळतो तो शातोच्या नावाला, जमिनीला नाही. मालकाने त्याच गावातली शेजाऱ्याची बाग विकत घेऊन आपल्यात जोडली की तीही 'ग्राँ क्रू', म्हणजे यादीतल्या मानाची. सातबारा बदलला की द्राक्षाची चव बदलते असं तुम्हाला वाटत असेल तर प्रश्नच मिटला.

आता नावं. सगळी साधारण वीस ते चाळीस युरोतली, मी इथे घेतो ती.

पहिलं सोसियांदो-माले. मेदोकमध्येच वर उत्तरेकडे, सॅंत-सरँ-द-कादूर्न गावाला, जिरोंदच्या खाडीकाठच्या उंचवट्यावर. वर खडी, खाली चिकणमाती. 1969 मध्ये झाँ गोत्रो नावाच्या वाइन व्यापाऱ्याने जवळजवळ ओसाड पडलेली ही बाग घेतली आणि 2019 मध्ये वारेपर्यंत कोणापुढे वाकला नाही. 2003 च्या क्रू बुर्जुआ वर्गवारीला (1855 च्या यादीबाहेरच्या मेदोकच्या शातोंची वेगळी प्रतवारी) त्याने आपली वाइन पाठवलीच नाही. पुढे 2007 मध्ये कोर्टाने ती वर्गवारीच रद्द केली, कारण परीक्षकांत काही जण स्वतःच शातोवाले होते! ही वाइन कोवळी असताना प्यायलात तर कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड आवळतं. दहा वर्षं हात लावू नका. मग ग्लासात पेन्सिलीच्या छिलक्यांचा आणि काळ्या मनुकांचा वास येतो, आणि घोट गिळल्यावरही चव बराच वेळ जिभेवरून हलत नाही. माझ्याकडची 2009 ची गेल्या हिवाळ्यात उघडली. एका फ्रेंच सहकाऱ्याला न सांगता दिली, त्याने सॅंत-एस्तेफ या शेजारच्या नामांकित गावातलं एक दुप्पट भावाचं नाव घेतलं.

दुसरं पोतांसाक. 1855 च्या यादीत दुसऱ्या श्रेणीत असलेल्या लेओव्हिल-लास-काजवाल्या देलों कुटुंबाचंच, भाव मात्र त्याच्या दशांश. मेदोकच्याच मूली गावची पूजो आणि शास-स्प्लीन ही जोडी. मेदोकच्या दक्षिणेचं काँतमेर्ल, मऊ, लवकर पिता येतं. आणि नदीपलीकडे कास्तियोंमध्ये द'एग्वी, मर्लो जातीची द्राक्षं जास्त, खाली चुनखडी. सॅंत-एमिलियोंतले शातोवाले नायपर्ग यांनी 1998 पासून ते हातात घेतलं आहे. तिकडच्याच फ्राँसाकबद्दल लिहायला बसलो तर रात्र होईल.

ही सगळी नावं सप्टेंबरात इथल्या सुपरमार्केटांत वाइनची जत्रा भरते तेव्हा आणखी खाली येतात. तेव्हा लाल पाणी वगैरे जरा जपून.

दर्दी
एवढा मोठा लेख लिहिलात त्याबद्दल आभार. पण आपण दिलेल्या नावांत काँतमेर्ल आहे, ते 1855 च्याच यादीतलं, पाचव्या श्रेणीत. म्हणजे आपणच माझा मुद्दा सिद्ध केलात.

बाकी, चांगल्या वर्षी सगळेच चांगली वाइन करतात. 2009, 2010, 2016 ला कोणीही शहाणा ठरतो. 2013 काढून बघा. मेव्हण्याने मोठ्या हौसेने एक 2013 ची क्रू बुर्जुआ आणली होती, शातोचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. हिरव्या मिरचीचा वास आणि पाणचट. मोठ्या शातोंकडे पैसा असतो, ते वाईट वर्षी अर्धा माल बाजूला काढून दुसऱ्या लेबलखाली विकतात. तुमच्या वीस युरोवाल्याला ते झेपतं का? म्हणून चिली.

तुलूझकर
काँतमेर्ल यादीत सगळ्यात शेवटी आहे, आणि तेही मागाहून नाव घुसवलेलं. तिथे तीस युरोला बाटली, वरच्या टोकाला, पहिल्या श्रेणीत, लाफितची पाचशेच्या पुढे. एकाच यादीत! मग यादीवर भरवसा ठेवायचा की बाटलीवर? आणि 2013 घेऊ नका ना. 2014 घ्या, 2019 घ्या. वर्ष बघून घ्यायला कोणी अडवलंय?

हॅरोवाली
2019 चं नाव निघालंच आहे तर. 2020 च्या उन्हाळ्यात कोविडमुळे सगळे धास्तावले होते, पोंते-काने या शातोने 2019 च्या वाइनचा भाव सुरुवातीलाच तीसेक टक्क्यांनी उतरवला आणि बाकीच्यांना मागे यावं लागलं. तेव्हा घेतलेलं सगळं वसूल झालं. पण 'आँ प्रिमर' म्हणजे आधी पैसे, दोन वर्षांनी बाटल्या, या प्रकारावर माझा आता काडीचा विश्वास नाही. इथल्या एका व्यापाऱ्याकडे आम्ही 2010 च्या पेट्या अशाच बुक केल्या होत्या. दुकान बुडालं. लिक्विडेटरचं पत्र आलं की तुमच्या पेट्या तुमच्या नावाने कधी आल्याच नव्हत्या. नवरा अजून त्या पत्राची फाइल जपून ठेवतो, काय करणार आहे कोण जाणे. नंतर त्यातलीच काही नावं बाजारात आम्ही भरलेल्या भावापेक्षा स्वस्त दिसली, म्हणजे वर मीठ. माझा सल्ला: बाटलीत भरलेली, समोर दिसणारी वाइन घ्या. आणि हो, सोसियांदोला +1.

शनिवारपेठी
सगळं ऐकायला छान आहे. आमच्याकडे बंदरावरच 150 टक्के कस्टम, मग राज्याचं एक्साइज, मग आयात करणाऱ्याचा नफा, मग हॉटेलचा. तुमची वीस युरोची बाटली इथे कितीला पडते याचा हिशोब करा आणि मग 'परवडणारी' हा शब्द वापरा. परदेशात बसून पदर खोचून सल्ले द्यायला काय जातंय! त्यात 'दहा वर्षं हात लावू नका'. एप्रिलमध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावर या, गच्ची वरच आहे. मी एकदा ठेवली होती कपाटात, चांगली गादीखाली बिदीखाली. उघडली तर शिजलेल्या मनुकांचा काढा. बूच वर सरकलेलं मी आधी पाहिलंही होतं, पण बायकोसमोर बोललो नाही.

तुलूझकर
शनिवारपेठी, वाइनचं छोटं फ्रिज घ्या, बारा बाटल्यांचं येतं. कस्टम मी लावलेलं नाही.

शनिवारपेठी
फ्रिजचं बिल तुम्ही भरणार का?

दिंडोरीकर
तुमची चर्चा वाचतोय. मी वाइनची द्राक्षं लावणारा माणूस, पिण्यातलं फार कळत नाही. पण 'स्वस्तात मस्त' हे सगळे म्हणताय, ते कोणाच्या जिवावर, हे कोणी विचारेल का?

बोर्दोचे ठोक भाव बघा. तिथे 'तोनो' हे माप, 900 लिटर, म्हणजे 1200 बाटल्या. साध्या लाल बोर्दोचा तोनो गेली काही वर्षं हजार युरोच्या खाली जातोय. बाटलीमागे वाइनचे 83 सेंटसुद्धा नाहीत. तेवढ्यात छाटणी, फवारणी, मजुरी, बँकेचा हप्ता. डिसेंबर 2022 मध्ये हे शेतकरी बोर्दोच्या रस्त्यावर उतरले होते. 2023 मध्ये सरकारने बागा उपटायला हेक्टरी 6,000 युरो द्यायचं ठरवलं, सुमारे साडेनऊ हजार हेक्टरसाठी. बाग लावायला नाही, उपटायला! 2024 मध्ये तिथल्या व्यापारी न्यायालयाने कवडीमोल भावाने माल उचलल्याबद्दल दोन व्यापारी कंपन्यांना साडेतीन लाख युरोंची भरपाई एका शेतकऱ्याला द्यायला लावली. वाचून बरं वाटलं. आमच्याकडे असा दावा लावायचा तर आधी सोसायटीचं कर्ज फिटायला हवं.

तुलूझकर
दादा, तुमचं दुःख मान्य. पण मी दिलेली नावं त्या 83 सेंटवाली नाहीत. पोतांसाक किंवा पूजो स्वतःच्या नावाने विकतात, त्यांचं बरं चाललंय. उलट लोकांनी पाच युरोची निनावी बोर्दो सोडून पंचवीसची चांगली घेतली तर शेतकऱ्याचंच भलं होईल.

दिंडोरीकर
कोणत्या शेतकऱ्याचं? ज्याच्याकडे शातो आहे त्याचं. बोर्दोतल्याच आँत्र-द-मेरमधला, साधी वाइन करणारा दहा हेक्टरवाला कुठे जाईल?

दर्दी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बाजाराला नको असलेला माल पिकवला की हेच होणार. 1960 च्या दशकात फ्रेंच माणूस वर्षाला शंभर लिटरच्या वर वाइन प्यायचा, आज त्याच्या निम्मीही पीत नाही. चीनने काही वर्षं उचलली, मग तेही थंडावले. मागणी नाही तर बाग उपटा, दुसरं पीक घ्या. भावनेवर शेती होत नाही.

दिंडोरीकर
साहेब, 'दुसरं पीक घ्या' हे एसीत बसून म्हणणं सोपं आहे. मंडप, तारा, ठिबक यांत पैसा अडकलेला असतो, वेल धरायला वर्षं जातात. 2000 नंतर आमच्याकडे वायनऱ्यांचं पेव फुटलं तेव्हा आम्हाला करार दाखवून टेबल द्राक्षांच्या जागी कॅबर्ने आणि शिराझ ही वाइनची द्राक्षं लावायला सांगितलं. मंदी आली, 2009 च्या सुमारास एका वायनरीने काढणीच्या तोंडावर फोन उचलणं बंद केलं. रिफ्रॅक्टोमीटर घेऊन रोज सकाळी बागेत जायचो. साखर चढत होती, गाडी येत नव्हती. ती द्राक्षं खायलाही विकता येत नाहीत, बी मोठं, साल जाड. वडिलांनी स्वतः कुऱ्हाड घेतली. तुम्ही म्हणताय ते आम्ही केलंय, पुस्तकात वाचून नाही.

दर्दी
तुमच्यावर अन्याय झाला हे मी कुठे नाकारलं? मी बोर्दोबद्दल बोलत होतो. प्रत्येक धाग्यात शेतकरी आणायचाच का?

हॅरोवाली
वाइन द्राक्षाचीच असते हो दर्दी. ती शेतकरीच पिकवतो. आणायला कशाला लागतो, तो आहेच.

शनिवारपेठी
खिक्. दिंडोरीकर, पुढच्या वेळी करार करण्याआधी मला फोन करा, आमचा मामा वकील आहे. अवांतर: बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर वायनरीला पोमेरोलचे वाइन सल्लागार मिशेल रोलाँ यांनी सल्ला दिला होता म्हणतात. मग बोर्दोवाले आपल्याकडे येऊन शिकवतात आणि आपण त्यांचीच बाटली अडीचपट भावाने घेतो, ही कोणती अक्कल?

तुलूझकर
रोलाँचा सल्ला होता, खरं आहे. पण नंदी हिल्सचं हवामान आणि बोर्दोचं हवामान एक नाही. नाशकात वर्षात दोनदा छाटणी करून काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. इथे एकच पीक, सप्टेंबर-ऑक्टोबरात, वर एप्रिलमध्ये गोठवणारं दंव. 2017 आणि 2021 ला त्याने कोंब जळाले. तुलना करायची तर जरा विषय बघून करा.

दिंडोरीकर, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण मी पंचवीस युरोची बाटली न घेता पाचची घेतली तर त्या दहा हेक्टरवाल्याला त्यातून जास्त पैसा मिळतो का? तोही नाही. मधले नेगोसियाँ (ठोक व्यापारी) आणि सुपरमार्केट खातात. म्हणून मी शक्यतो थेट शातोच्या दारातून घेतो. कास्तियों, ब्लाय, फ्राँसाक, तिकडे दार उघडून माणूस स्वतः ओतून देतो, भाव तोच सांगतो.

दिंडोरीकर
एवढं तुम्ही करत असाल तर ठीक. यादीच्या वर हे लिहायला हवं होतं.

दर्दी
चला, निदान एक तरी मुद्दा कामाचा निघाला. मेव्हणा सप्टेंबरात बोर्दोला जातोय. त्याला पोतांसाकची 2016 सांगितली आहे. उपकार म्हणून नाही, तपासायला. पाणचट निघाली तर इथेच फोटोसकट टाकेन.

शनिवारपेठी
ड्युटी न भरता दोनच लिटर आणता येतात, म्हणजे बाटल्या दोनच. दुसरी सोसियांदो आणायला सांगा आणि माझ्या कपाटात ठेवायला देऊ नका.

दर्दी
दुसरी चिलीची असेल.

दिंडोरीकर
चिलीची बाटली फ्रान्समधून आणणार! बरं. युरोपशी व्यापार करारात वाइनवरची ड्युटी उतरवायचा विषय आहे. ती उतरली की तुमची काँतमेर्ल पुण्यात स्वस्त होईल, शनिवारपेठी खूश. आमच्या कॅबर्नेला तेव्हा काय भाव मिळेल, त्यावर कोणी नवा धागा काढणार असेल तर सांगा, आकडे मी देतो.