अनुभव धागा : हाताखाली माणसं असली की मनातलं कुणाला सांगता?

मी जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक. गेल्या वर्षी दोन महिने रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी आलो की छातीत धडधडायचं. ईसीजी नॉर्मल निघाला. पोषण आहाराच्या नोंदी, "माहिती आजच्या आज पाठवा" असे मेसेज, दोन शिक्षकांत चार वर्ग. शिक्षकांपुढे बोललो तर तेच खचतील. वर बोललो तेव्हा उत्तर आलं, "सर, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं?" ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्यांनी लिहा. उपाय सापडला नसेल तरी लिहा.

सिस्टर इनचार्ज
ड्यूटी लिस्ट मी लावायची. एप्रिल 2021 मध्ये कोविड आयसीयूत कुणाला पाठवायचं, ते रोज रात्री पेन्सिलीनं लिहायचे आणि खोडायचे. एकीचं बाळ सात महिन्यांचं, एकीची सासू डायलिसिसवर. राहिली ती नुकतं लग्न झालेली मुलगी. तिचं नाव लिहिलं. नवव्या दिवशी तिलाच ऑक्सिजन लागला.

वाचली ती. दिवाळीला फराळ घेऊन घरी येते. पण त्यानंतर दोन वर्षं कागदावर कुणाचंही नाव लिहायला माझा हात धजायचा नाही. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा नवऱ्याला लिहायला लावायचे. लोक आम्हाला योद्धे म्हणत होते, मग झोप लागत नाही हे सांगायचं कुणाला? शेवटी एकदा मेट्रनच्या खोलीत रडू फुटलं. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाल्या, "मी पण गोळ्या घेते गं." गोळ्या मलाही पुढे सुरू झाल्या, पण पहिला गुण त्या वाक्याचा. आता लिस्ट लावताना दोन स्टाफ नर्सना शेजारी बसवते. एकटीनं लावत नाही.

आयटी मॅनेजर, पुणे
कपातीची यादी वरून आली, सांगायचं काम माझं. सहा जण, प्रत्येकी पंधरा मिनिटं, हातात एचआरनं दिलेला मजकूर. एकानं विचारलं, "माझं काम खराब होतं का?" नव्हतं. पण तसं म्हणायची परवानगी मला नव्हती. पुढे रोज पहाटे तीनला जाग. नैराश्याचं निदान झालं, आठवडाभर दाखल होतो. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की या आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा मिळायला हवा. मला हे माहीत होतं. तरी कागद ऑफिसातून फिरतील या भीतीनं बिल खिशातून भरलं.

मुख्याध्यापक (धागाकर्ता)
त्या मुलाला नंतर कधी फोन केलात का? केला नसेल तर करा, असं मनापासून वाटतं.

महिला सरपंच
काम असलं की लोक फोन नवऱ्याला करतात, शिव्या मात्र मला. मे महिन्यात नळपाणी योजनेची मोटर जळली, टँकरचा प्रस्ताव पंचायत समितीत अडकला, बायका हंडे घेऊन दारात. त्यांचं चुकत नव्हतं. हंड्याच्या रांगेत मीही उभी राहिलेय. पण जेवण जाईना, पोरांवर हात उठायला लागला. आशाताईंनी 14416 हा नंबर दिला. टेलि-मानस म्हणतात त्याला, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. गोठ्यात जाऊन फोन केला. पलीकडच्या बाईंना मी सरपंच आहे हे ठाऊकच नव्हतं, त्यामुळे बोलता आलं.

मुख्याध्यापक (धागाकर्ता)
सोमवारी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जातोय. तालुक्यात कुणी बघेल म्हणून टाळत होतो. शाळेची किल्ली बाईंकडे दिली. त्यांनी विचारलं, "कशासाठी रजा?" खरं तेच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "सर, डॉक्टरांची वेळ मलाही विचारून या."