चर्चा : रोजगार कार्यालयातील माणसाला आधी कारखाना दाखवावा

जुना परदेशीपुरा (धागाकर्ता)

हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकबाकी डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे मिल बंद पडून तीन दशके उलटल्यावर, मार्गी लागली. सुमारे ४,८०० कामगार आणि सुमारे २२४ कोटी रुपये, म्हणजे माणशी सरासरी पावणेपाच लाखांच्याही आत. आपल्या इंदुरात त्या रकमेची चर्चा पुष्कळ झाली. मधली तीस वर्षे त्या माणसांनी कशी काढली याची मात्र फारशी झाली नाही.

माझे काका दुसऱ्या एका मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल आणि विणकरांवर देखरेख करणारे, होते. ती मिल बंद झाल्यावर ते एका कार्यालयात नाव नोंदवायला गेले, तेव्हा समोरच्या कारकुनाने शिक्षण विचारले, 'आठवी' हे उत्तर ऐकले, अर्जावर 'अकुशल' असा शब्द लिहिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. साच्याचा (विणाईच्या मागाचा) आवाज बदलला की कोणता भाग झिजला आहे हे न उघडता सांगणारा माणूस त्या एका शब्दाने अकुशल ठरला आणि पुढची अकरा वर्षे त्याने एका गोदामावर रात्रपाळीची राखण केली. त्या कारकुनाच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही. जॉबर दिवसभर काय करतो हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे की, बेरोजगार कामगारांना नवे प्रशिक्षण किंवा शिकाऊ उमेदवारी मिळवून देण्यासाठी जे कर्मचारी नेमले जातात, त्यांना खुर्चीवर बसवण्यापूर्वी किमान दीड महिना पीथमपूर, सांवेर रोड आणि पोलोग्राउंड येथील कारखान्यांत घालवायला लावावा. सेवायोजन अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी देशात १९६४ पासून एक केंद्रीय संस्था आहे आणि ती आज नोएडा येथे चालते, त्यामुळे कल्पना नवी नाही. परंतु मी ज्या तीन-चार कर्मचाऱ्यांशी बोललो त्यांना प्रत्यक्षात मिळालेले शिक्षण पोर्टलवर नोंद कशी भरावी एवढ्यापुरतेच होते. जर्मनीत रोजगार सल्लागारांसाठी मानहाइम येथे स्वतंत्र उच्च शिक्षण संस्था आहे आणि तेथे वर्गातील अभ्यास व कार्यालयातील काम आलटून पालटून चालते. आपल्याकडे एवढे नको, पण लेथ आणि मिलिंग यांतील फरक तरी माहीत असावा.

हिशेबाची वही

आपल्या काकांबद्दल वाचून वाईट वाटले, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कर्मचारी कितीही जाणता असला तरी समोरच्या कामगाराला पाठवायला जागा हवी, आणि जागा असली तरी तिच्या अटीत तो बसायला हवा. मध्य प्रदेश शासनाच्या 'मुख्यमंत्री सीखो कमाओ' योजनेत वयाची अट १८ ते २९ अशी आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या जॉबरची सगळी कौशल्ये एखाद्या जाणकार सल्लागाराने सुवाच्य अक्षरात लिहून घेतली, तरी त्या कागदाचे पुढे काय करायचे?

पैशाच्या बाबतीत आपला पूर्वानुभवही चांगला नाही. १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन झाला तेव्हा कामगारांचे समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियुक्ती हे हेतू ठळकपणे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात बहुतांश रक्कम स्वेच्छानिवृत्तीची देणी भागवण्यात गेली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे आणि तिच्यानुसार कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम जमा व्हायची आहे. महिना अठरा हजार मिळवणाऱ्याला त्यातून नऊ-दहा हजार मिळतील. एवढ्यात तो वेल्डिंग शिकेल की घरभाडे देईल? तेव्हा कर्मचाऱ्यांच्या दीड महिन्याच्या कारखाना-सहलीवर होणारा खर्च कामगाराच्या विद्यावेतनात घालावा, हे मला अधिक न्याय्य वाटते. जर्मनीचे उदाहरण देताना तेथील बेरोजगारी विम्याचाही उल्लेख करायला हवा होता. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत निम्मे वेतन मिळते, तेही नव्वद दिवस आणि फक्त विमाधारकांना.

खिडकीपलीकडून

मी गेली सहा वर्षे कंत्राटावर समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे आपण दोघे ज्या खिडकीबद्दल बोलत आहात तिच्या आतल्या बाजूने थोडे लिहिते.

हिशेबाची वही यांनी वयाच्या अटीबद्दल जे लिहिले आहे ते त्या योजनेपुरते खरे आहे, परंतु १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात वयाची खालची मर्यादा आहे, वरची नाही. वरची मर्यादा निरनिराळ्या अनुदान योजनांमध्ये आहे. म्हणजे चाळिशीच्या माणसाला कारखानदार शिकाऊ उमेदवार म्हणून घेऊ शकतो, फक्त शासनाचा वाटा त्याला मिळत नाही. हा फरक मलाही नोकरीच्या तिसऱ्या वर्षी समजला आणि तोही प्रशिक्षणात नव्हे, एका निवृत्त प्राचार्यांशी सहज बोलताना. तोपर्यंत 'वय जास्त आहे' असे सांगून मी किती जणांना परत पाठवले असेल, त्याची नोंद कुठेही नाही.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारण्याची. बंद पडलेल्या एका औषध कारखान्यातील अडतीस वर्षांच्या बाई माझ्याकडे आल्या होत्या आणि त्यांच्या अर्जावर कामाच्या रकान्यात 'पॅकिंग' एवढेच लिहिले होते. सकाळी कारखान्यात शिरल्यापासून काय काय करता ते क्रमाने सांगा, असे विचारल्यावर कळले की त्या प्रत्येक बॅचची नोंदवही भरत असत, दर तासाला नमुन्याचे वजन घेत असत आणि सील नीट बसले नसेल तर लाइन थांबवण्याचा अधिकार त्यांना होता. याला गुणवत्ता तपासणी म्हणतात. पूर्वानुभवाच्या आधारे कौशल्याचे प्रमाणपत्र देण्याची जी सोय आहे तीतून त्यांना कागद मिळाला आणि आज त्या एका नमकीन कारखान्यात तपासणी विभागात आहेत. या संभाषणाला पाऊण तास लागला. एरवी मला माणशी सात-आठ मिनिटे मिळतात, कारण आमच्या कामाचे मोजमाप रोजगार मेळाव्यात किती नावे नोंदवली यावर होते. मला कारखान्यात जरूर पाठवा, पण परत आल्यावर तो पाऊण तासही द्या.

सांवेर रोडवाला

माझ्या शेडमध्ये बावीस माणसे आहेत. तीस किंवा अधिक माणसे असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आमच्यासारख्यांना ते ऐच्छिक आहे, हे मला एका मित्राकडून समजले. कित्येक वर्षे मी या कायद्यापासून लांब राहिलो, कारण चूक झाली तर तुरुंगवास होतो असे वडिलांनी सांगून ठेवले होते. ती तरतूद २०१४ मध्येच काढून टाकली गेली आहे, पण हे सांगायला माझ्याकडे कोणी आले नाही. जे आले ते मार्च महिन्यात, आकडा पूर्ण करायला, आणि माझ्याकडे कोणते यंत्र आहे हे न विचारताच चार मुलांची यादी ठेवून गेले. त्यांतील दोघे संगणकाचा कोर्स केलेले होते आणि मला प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर, माणूस हवा होता.

वयाचे म्हणाल तर मला पंचेचाळिशीचा माणूस चालेल. तो मोबाइल बघत बसत नाही. (माझा मुलगा हे वाचणार नाही अशी आशा आहे.)

हिशेबाची वही

समुपदेशक ताईंनी कायद्याबद्दल केलेली दुरुस्ती मी मान्य करतो. परंतु त्यामुळे माझाच मुद्दा बळकट होतो. २०१९ च्या नियमांत शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन पाच ते नऊ हजारांच्या दरम्यान ठरवले गेले. दोन मुलांची फी भरणारा माणूस या रकमेवर वर्षभर शिकाऊ म्हणून राहील, असे आपल्यापैकी कोणाला मनापासून वाटते का? कायद्याने दार उघडे आहे आणि उंबरठ्यावर पाय ठेवण्याची ऐपत नाही, अशी ही स्थिती आहे. कर्मचाऱ्याला दार कुठे आहे हे शिकवून ती बदलत नाही.

जुना परदेशीपुरा

विद्यावेतनाचा मुद्दा मी मूळ लेखनात सोडून दिला होता, ती माझी चूक झाली. तरीही एक शंका उरते. काकांना त्या वेळी कोणी पाच हजारांऐवजी पंधरा हजार देऊ केले असते, तरी अर्जावरचा 'अकुशल' हा शब्द तसाच राहिला असता आणि त्यांना यंत्र दुरुस्तीकडे नव्हे, तर जिथे जागा रिकामी होती तिथे, बहुधा शिवणकामाच्या वर्गाला, पाठवले गेले असते. माणसाला चुकीच्या वर्गात बसवून दिलेले विद्यावेतन वाया जाते. आपण म्हणता ते पैसे आधी येवोत की मागून, वर्ग निवडणारा माणूस जाणता हवा, या मतावर मी कायम आहे.

दीड महिन्याचा आग्रह मात्र सोडतो. कंत्राटी कर्मचाऱ्यांना तेवढे दिवस कोणी सोडणार नाही, हे आता लक्षात आले. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस, आणि सोबत एखादा निवृत्त जॉबर किंवा फोरमन, असे काही जमेल का?

सांवेर रोडवाला

माझ्या शेडपासून सुरुवात करायला हरकत नाही. बुधवारी साचे बदलतो, तेव्हा बघण्यासारखे असते. प्रेसचे साचे हो, आपल्या काकांचे विणाईचे नव्हेत.

खिडकीपलीकडून

मी येईन, परंतु लेखी परवानगी घ्यावी लागेल. कारखान्याच्या लेटरहेडवर दोन ओळींचे निमंत्रण पाठवले तर अर्ज पुढे सरकवता येईल.

हिशेबाची वही

त्या निमंत्रणात निवृत्त जॉबरच्या दिवसाच्या मानधनाचा आकडाही लिहावा. तो रिकामा रकाना आमच्यासारखे लोक पहिल्यांदा बघतात.