कोयनेत ऑगस्टमध्ये किती जागा मोकळी ठेवावी?

कृष्णाकाठ (सांगली): २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पाण्याची रेघ दोनदा रंग देऊनही आमच्या भिंतीवर उमटते. वर कोयना नदीवर धरण आहे, तिचे पाणी कृष्णेतून आमच्याकडे येते. त्या धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. धरण काठोकाठ भरले की जेवढा येवा (आत येणारे पाणी), तेवढा विसर्ग (बाहेर सोडलेले पाणी), एवढाच मार्ग उरतो. म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत किमान १५ टीएमसी जागा मोकळी ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. धरण थोडे कमी भरले तर नुकसान होते हे खरे, पण पुरात माणसे जातात.

माणदेशी (आटपाडी): आपले दुःख मी नाकारत नाही, परंतु हिशेब करून पाहावा. एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) येवा दिवसभर राहिला तर ८.६४ टीएमसी पाणी येते, म्हणजे आपली मोकळी जागा दोन दिवसही पुरणार नाही. शिवाय सांगलीत वारणेचे आणि धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटाचेही पाणी येते. २०२३चा ऑगस्ट हा देशातील १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी आधीच सोडून दिलेले पाणी परत कोण आणणार? कोयनेतून सुटलेले पाणी कृष्णेतून उचलून आम्हाला देणाऱ्या टेंभू योजनेचे आवर्तन (पाण्याची पाळी) चुकले की डाळिंबाची बाग उन्हाळा काढत नाही, आणि बाग एकदा वाळली की पुढची काही वर्षे हातची जातात.

निवृत्त अभियंता (सातारा): दोघेही एकच आकडा धरून बसला आहात, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. पुढच्या तीन दिवसांच्या पावसाचा अंदाज बराच भरवशाचा असतो, दहा दिवसांचा तेवढा नसतो. त्यामुळे मोकळी जागा अंदाजाबरोबर कमी-जास्त व्हायला हवी. वीजनिर्मितीतून पाणी पश्चिमेकडे उतरवता येते, पण कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि पावसाळ्यात वापरलेला तो वाटा उन्हाळ्याच्या विजेतून वजा होतो. खरी अडचण मात्र वेगळी आहे. अंदाजावर विसंबून दरवाजे उचलले आणि पाऊस आलाच नाही, तर पाणी वाया घालवल्याचा ठपका अभियंत्यावर येतो. थांबला आणि पूर आला, तर दोष निसर्गावर जातो. निर्णयाच्या वेळी हाती कोणती माहिती होती हे न पाहता केवळ निकालावरून माणसाला जोखले, तर तो थांबणेच पसंत करील.

कृष्णाकाठ: हे मला पटते, १५चा आग्रह मी सोडतो. मात्र कोणत्या अंदाजाला किती विसर्ग, हे जूनमध्येच लेखी ठरावे आणि गावोगावी जाहीर व्हावे.

माणदेशी: माझी हरकत नाही, पण त्याच कागदावर एक ओळ वाढवावी: अंदाज चुकून धरण भरले नाही, तर टंचाईची झळ आधी विजेने सोसावी, टेंभूने नव्हे.

निवृत्त अभियंता: ही ओळ लिहिणे सोपे नाही, कारण उन्हाळ्यात संध्याकाळची विजेची मागणी एकदम वाढते तेव्हा कोयनेचे संच काही मिनिटांत सुरू करता येतात. तरीही क्रम आधी ठरलेला असावा, हे मला मान्य आहे.