प्रतिसाद: घरीच घालवायची मे महिन्याची सुट्टी

यंदा बाहेरगावी जाता येत नसल्याने रत्नागिरीतच मुलांचा वेळ कसा घालवावा, असे आपण विचारले आहे. थिबा राजवाड्यातील संग्रहालय इतरांनी सुचवलेच आहे. मी ओहोटीच्या खडकाळ किनाऱ्याची भर घालते, कारण आमच्या दोन्ही मुलांना समुद्राची खरी ओळख तिथेच झाली.

आधी घरात दिनदर्शिका उघडून मुलांकडूनच ओहोटीची वेळ काढून घ्यावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सुमारे सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत दूर हटते आणि ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास येत असल्याने उन्हाचा त्रासही होत नाही. खडकांतल्या डबक्यांपाशी शांतपणे बसले की रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, खडकाला चिकटलेली कालवे आणि हात जवळ नेताच मिटणारी समुद्रफुले (फुलांसारखे दिसणारे समुद्री प्राणी) दिसतात. काहीही घरी आणू देऊ नये. वहीत चित्र काढावे. शेवाळावरून पाय घसरतो, म्हणून पकड असलेली पादत्राणे हवीत आणि पाणी वळताच मोठ्यांनी सर्वांना बाहेर काढावे. मेअखेरीस समुद्र खवळू लागला की हा बेत थांबवून अंगणात आंबापोळी वाळत घालावी. ताटांवर रस पसरण्याचे काम मुले फार मनापासून करतात.