आर्मिनियसने जर्मनिक राष्ट्र उभं केलं? जरा थांबा!

सह्यवासी: कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलं की जर्मनिक लोक, म्हणजे रोमच्या उत्तरेकडच्या, एकमेकींशी नात्यातल्या भाषा बोलणाऱ्या जमाती, मुळापासून एक राष्ट्र होते, आणि इ.स. ९ मध्ये त्यांच्यातल्या आर्मिनियस या सरदाराने त्याच बळावर रोमला हाकललं. वाचून राहवलं नाही. रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन, म्हणजे मोठ्या सैन्यतुकड्या, त्याने कापून काढल्या, मान्य. पण त्याचा सख्खा भाऊ फ्लावुस रोमनांच्या बाजूने लढत होता, सासरा सेगेस्टेस रोमला मिळालेला. मार्कोमानी या दुसऱ्या जर्मनिक जमातीचा राजा मारोबोडुस याच्याशी युद्ध झालं ते वेगळंच. शेवटी जीव घेतला तोही नातलगांनीच. यात राष्ट्र कुठे दिसतं? पूर्व, पश्चिम, उत्तर जर्मनिक या शाखा भाषांच्या आहेत. त्यांवरून रक्ताची वंशावळ मांडू नका.

ओस्नाब्रुककर: मी इथेच जर्मनीत ओस्नाब्रुकला नोकरीला आहे, ती लढाई जिथे झाली असं मानतात त्या काल्क्रीझचं संग्रहालय जवळ. रोमन घोडेस्वाराचा लोखंडी मुखवटा आहे तिथे, वरचा चांदीचा पत्रा ओरबाडून नेलेला. माणसांची आणि खेचरांची हाडं एकाच खड्ड्यात सापडली. ते पाहून आलो त्या रात्री झोप लागली नाही. एकजुटीशिवाय हे होतं का? फितूर कुठे नसतात?

सह्यवासी: एकजूट होती, त्या मोहिमेपुरती. राष्ट्र त्याहून मोठी गोष्ट आहे.

गोदातीर: तुम्ही दोघं पश्चिमेतच अडकलात. पूर्व शाखेचे गॉथ स्कँडिनेव्हियातून तीन जहाजांनी आले, असं त्यांचा जुना इतिहासकार जॉर्डेनिस स्वच्छ लिहितो. आमचं घराणं कोकणातून देशावर आलं, कागद एकही नाही, आजी सांगायची. तेही खोटंच का?

सह्यवासी: आजीला मध्ये आणू नका, खोटं मी म्हटलेलंच नाही. जॉर्डेनिसने लिहिलं ५५१च्या सुमारास, आणि गोष्ट सांगतो ती दोन हजार वर्षांपूर्वीची! तुमच्या आजीला एवढं मागचं माहीत होतं का?

गोदातीर: मग पोलंडमध्ये ओद्रीला दगडांची वर्तुळं आहेत, तशीच स्कँडिनेव्हियात आहेत, ती कुणी नेली?

सह्यवासी: वर्तुळं जुळतात, नाइलाजाने मान्य. थोडी माणसं आलीही असतील. पण पोलंडमधल्या व्हिस्तुला नदीकाठी कितीतरी दफनभूमी आधीपासून चालत आलेल्या आहेत. स्थानिक लोक तिथेच होते, अख्खी जमात जहाजातून उतरलेली नाही.

ओस्नाब्रुककर: गॉथ पुरे आता. मूळ मुद्द्यावर या.

सह्यवासी: येतो. फ्रँक आणि सॅक्सन या दोन्ही जर्मनिक जमाती पश्चिम शाखेच्या. ७८२ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने व्हेर्डनला ४५०० सॅक्सन मारल्याचं फ्रँकांचीच इतिवृत्तं सांगतात. व्हेर्डन तुमच्याकडून फार लांब नाही. तिथे जाऊन या, मग सांगा एक राष्ट्र.

गोदातीर: गॉथांवर मी वेगळा धागा काढतोय. हा विषय मी सोडणार नाही.